माझगावची चिनी कूड

सी यप कून यांना ओळखी वाढवायची हौस नाही. अख्ख्या मुंबईत चिनी देऊळ एकच, आणि ते म्हणजे आपण, एवढं भांडवल दुसऱ्या कुणाकडे असतं तर त्याने रस्त्याच्या तोंडाशी कमान उभारली असती, छपराची टोकं आकाशाकडे वळवली असती आणि दारात तिकीटखिडकी काढली असती. हे गृहस्थ माझगावच्या नवाब टँक रोडवर १९१९ पासून साध्या दोन मजली घराचा वेष घेऊन उभे आहेत. शेजारून रोज ये-जा करणाऱ्या माणसालाही हे देऊळ आहे हे ठाऊक असेलच असं नाही. बुवांना त्याचं वाईट वाटत नाही. ज्याला गरज आहे तो शोधत येईल, असा त्यांचा समज आहे, आणि शंभर वर्षं ओलांडल्यावर समज बदलण्याची अपेक्षा कुणी करू नये.

वाळपईहून मुंबईला जाणाऱ्या माणसाची कामं ठरलेली असतात. परळचं टाटा रुग्णालय, दादरची खरेदी, गिरगावात नाहीतर डोंबिवलीत कुणी आत्या-मावशी. माझगाव त्याच्या वाटेत येत नाही. बार्देश-साष्टीकडच्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या आजोबाची लाकडी पेटी माझगावातल्या किंवा धोबी तलावाच्या एखाद्या कुडीत कधी काळी पडून असायची. आपल्या सत्तरीतून फार कुणी तारवटी गेले नाहीत, काजूच्या बागा सोडून आगबोट कोण धरतो! पण गोव्यात राहून कूड हा प्रकार ऐकला नाही असा माणूस विरळा. म्हणून बुवांची ओळख करून द्यायला मला कुडीइतकी सोपी वाट दुसरी दिसत नाही.

कूड म्हणजे एका गावच्या मंडळींनी मुंबईत धरलेली जागा. भिंतीशी गावच्या संताची वेदी, खाली ओळीने पेट्या, रात्री सगळ्यांनी मिळून म्हटलेला तेर्स, आणि मग जमिनीवर अंथरलेल्या चटया. बोटीवर नोकरी लागेपर्यंत इथं राहायचं, सफर संपवून आलं की गावी जायच्या आधी इथंच टेकायचं. भाडं नावापुरतं, शिस्त कडक, बायकांना मुक्काम नाही.

बुवांचा जन्म नेमका अशाच गरजेतून झाला. तैशान, कैपिंग, शिनहुई आणि एनपिंग हे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले चार तालुके. तिथले खलाशी, जहाजांवरचे सुतार आणि फिटर, आणि त्यांच्या मागोमाग आलेले व्यापारी मुंबई बंदरात उतरत. गोदी माझगावात, म्हणून वस्तीही माझगावात. त्यांनी हे घर उभं केलं ते वर देव आणि खाली मुक्काम अशा बेताने. खलाशाने सामान खाली टाकावं, वर जाऊन उदबत्ती लावावी, आणि पुढच्या बोटीची वाट पाहत आपल्या तालुक्याच्या बोलीत शिव्या देत बसावं. शेजारच्या गल्लीत गोव्याचा तारवटी हेच सगळं कोकणीत करत होता. मेरीची माळ आणि उदबत्तीचा जुडगा एवढाच काय तो फरक.

नात्याचं म्हणाल तर आपलं आणि बुवांचं एक जुनं, लांबचं नातंही निघतं. त्यांचे हे चार तालुके मकावच्या शेजारचे, आणि मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या गव्हर्नराच्या हाताखाली होता. मांडवीच्या काठावरचा कारकून तिथल्या हिशेबावर सही करत होता म्हणायला हरकत नाही. ही आठवण बुवांना करून दिली तर मात्र ते ओळख दाखवणार नाहीत. साहेबाच्या कारकुनाशी नातं सांगणं त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या मालकांना आवडायचं नाही.

वरचे मालक म्हणजे क्वान कुंग. मूळ नाव ग्वान यू. चीनची तीन राज्यांत फाळणी होत होती त्या धामधुमीतले सेनापती, साल २२०च्या सुरुवातीला शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. लाल चेहरा, छातीवर रुळणारी दाढी, लांब दांड्याचं पातं. केरीच्या किंवा झर्म्याच्या रणमाल्यात त्यांना उभं केलं तर रंगपटात काही बदल करावा लागणार नाही. पण त्यांची थोरवी लढाया जिंकण्यात नाही. शेवटची लढाई तर ते हरलेच. दिलेला शब्द मोडला नाही, यासाठी त्यांना देव केलं गेलं. हाँगकाँगात पोलीस ठाण्यातही त्यांची मूर्ती असते आणि ज्यांना पोलीस शोधत असतात त्यांच्या अड्ड्यावरही. दोघांनाही आपापल्या साथीदारांचा भरवसा हवा असतो. परक्या बंदरात, भाषा न कळणाऱ्या गावात, अर्धा पगार मित्राकडे ठेवून बोटीवर चढणाऱ्या माणसाने दुसऱ्या कोणत्या देवाला हात जोडावेत?

खालच्या मजल्यावर आता क्वान यिन बसतात. करुणेची देवी, समुद्रात हाक मारली तर धावून येणारी. घराची वाटणी अशी झाली आहे: वर वचन, खाली दया. चढताना माणूस खालून वर जातो हे मला सोयीचं वाटतं. आधी दया मागून घ्यावी, मग हिशेबाला उभं राहावं.

बुवा एरवी अबोल, पण प्रश्न विचारला तर उत्तर देतात. आणि त्यांची उत्तर देण्याची रीत गोव्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही. बांबूच्या नळीत आकडे घातलेल्या काड्या असतात. गुडघे टेकायचे, प्रश्न मनात धरायचा आणि नळी हलवत राहायची, एक काडी आपणहून बाहेर पडेपर्यंत. त्या आकड्याचा मजकूर हे उत्तर. पोर्तुगीजांचे कायदे येऊन गेले तरी आपल्याकडे देवाला कौल लावल्याशिवाय विहीर खणत नाहीत. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, याकडे डोळे लावून बसलेली माणसं आपण रोज पाहतो. नळी हलवताना चिनी म्हातारीच्या चेहऱ्यावर जी धाकधूक असते ती ओळखीची आहे. फरक एवढाच की आपला देव कधी कधी पाकळी अडवून ठेवतो आणि भटजींना पुन्हा गाऱ्हाणं घालावं लागतं. बुवांच्या काडीला तेवढी भीड नसते, ती पडून मोकळी होते.

आता त्यांचा एक दुर्गुण. नातेवाइकांविषयी ते फार चांगलं बोलत नाहीत.

नातेवाईक जगभर आहेत. ह्याच चार तालुक्यांची माणसं मोठ्या संख्येने पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोतली त्यांची वस्ती १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि मागून लागलेल्या आगीत राख झाली. राख निवते न निवते तोच शहरातल्या प्रतिष्ठितांच्या डोक्यात आलं की शहराच्या मध्यावरची ही मोक्याची जमीन चिन्यांना कशाला, त्यांना दूर दक्षिणेकडे हंटर्स पॉइंटला पाठवून द्यावं. पुनर्विकास हा शब्द तेव्हा रुळला नव्हता. हेतू ओळखू येण्याजोगा होता. चिनी व्यापारी हुशार निघाले. त्यांनी गोऱ्या वास्तुरचनाकारांना बोलावून वक्र छपरं, पॅगोड्याचे मनोरे, रंगीत सज्जे असं काही उभं करून घेतलं की प्रवासी बघायला येऊ लागले, शहराला पैसा दिसू लागला आणि वस्ती हलवण्याची भाषा बंद पडली. चायनाटाउन म्हटलं की आज जगाच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्यातलं पुष्कळसं त्या गरजेपोटी, अमेरिकेत, अमेरिकी माणसांनी कागदावर काढलेलं आहे. तैशानच्या शेतकऱ्याने आपलं घर असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या भावाने वेष बदलून जीव वाचवला, याचं बुवांना कौतुक आहे का? असावं. पण बोलायची वेळ आली की ते आपल्या सरळ भिंतीकडे बोट दाखवतात. सिंगापूरच्या चुलतभावाची गोष्ट तर त्यांना आणखी झोंबते. तिथं सरकारने आधी चिनी मोहल्ल्यातल्या दाटीतली माणसं नव्या उंच इमारतींत नेली आणि मग १९८९ मध्ये जुन्या दुकानघरांना वारसा म्हणून संरक्षण दिलं. भिंती इतक्या छान रंगवल्या की आत कोण राहत होतं हे विचारायचं लोक विसरले. कलकत्त्यात सी इप नावाचा सख्खा भाऊ आहे, ह्याच चार तालुक्यांचा. तिथली हाक्का मंडळी टांगऱ्यात कातडी कमवत. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गंगेच्या प्रदूषणामुळे कलकत्त्याच्या टॅनऱ्या शहराबाहेर हलवायचा हुकूम दिला आणि बानतलाला नवा पत्ता झाला. हुकूम योग्यच होता. पण टॅनरीत नुसतं कातडं नव्हतं, वरच्या माळ्यावर घर होतं, अंगणात पूर्वज होते. काहींनी टॅनरीचं हॉटेल केलं, काहींनी विमानाचं तिकीट काढलं.

माझगावची गोष्ट याहून वेगळी. इथं वस्ती उठवायला बिल्डर यावा लागला नाही.

१९६२ पर्यंत बुवांच्या अवतीभोवती माणसं होती. माझगावात आणि तिकडे कामाठीपुऱ्याच्या शुक्लाजी स्ट्रीटकडे चिनी कुटुंबं राहत. कुणी दातांचे डॉक्टर, दारावर कवळीचं चित्र काढलेली पाटी लावलेले. कुणी सायकलवर रेशमाचं गाठोडं बांधून बंगल्या-बंगल्यांतून फिरणारे. पारसी बायकांच्या गाऱ्यावरचं भरतकाम कँटनहूनच आलं, तेव्हा गिऱ्हाईक तयार होतं. कुणी केस कापणाऱ्या बायका, कुणी चर्चगेटच्या कामलिंगसारख्या किंवा कुलाब्याच्या नानकिंगसारख्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात घाम गाळणारे. बुवांचे ते दिवस भरभराटीचे. खाली जागा मिळायची मारामार.

मग सीमेवर लढाई झाली. आसाम आणि बंगालमधून सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना, म्हाताऱ्यांना आणि पोरांनासुद्धा, रेल्वेने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काहींची सुटका १९६७ मध्ये झाली. मुंबईकरांवर तितकी वेळ आली नाही, पण पोलिसांत नोंदणी, गाव सोडायला परवानगी, शेजाऱ्यांच्या नजरा, हे चुकलं नाही. बँक ऑफ चायनाची मुंबईतली शाखा बंद झाली. इथंच जन्मलेली, हिंदी बोलणारी माणसं रात्रीत शत्रू ठरली. त्याच्या वीस वर्षं आधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले होते, आणि त्यांचा पुतळा आजही चीनमध्ये पुजल्यासारखा जपतात. दोन देशांच्या हिशेबात ही दोन पानं कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

लोक जाऊ लागले. हाँगकाँग, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिथं कुणी आधी गेला असेल तिथं. खोल्या सुटल्या, पागड्या बदलल्या, दातांच्या पाट्या उतरल्या. बुवा या काळाबद्दल काही सांगत नाहीत. त्यांनी फक्त खालचा आवाज बंद केला.

हे सगळं आधी घडून गेल्यामुळे माझगावात खरा पुनर्विकास आला तेव्हा एक विचित्र गंमत झाली. पुनर्विकासाचा गणपती म्हणजे भाडेकरूंची यादी. सप्टेंबर १९६९ पूर्वीची उपकरप्राप्त इमारत, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ, नियम ३३(७), प्रत्येक पात्र कुटुंबाला निदान ३०० चौरस फूट, आणि त्या बदल्यात बिल्डरला वर चढायला जादा चटईक्षेत्र. यादीत नाव यायला भाड्याची पावती लागते. पावती ज्याच्याकडे आहे तो वस्ती. जो १९६३ मध्ये किल्ली शेजाऱ्याकडे देऊन गेला तो यादीत नाही, त्याचा मुलगा नाही, त्याचा दवाखाना नाही. म्हणून माझगावच्या नव्या मनोऱ्यांत चिनी मोहल्ला कुठं बसवायचा, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. हिशेब चुकला असं नव्हे. हिशेबाच्या वहीत ते पानच नव्हतं.

शेजारच्या भेंडी बाजारात बोहरा समाजाची गोष्ट याच्या बरोबर उलट. तिथं माणसं हजर होती आणि त्यांचा एक ट्रस्टही होता. २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांतल्या अडीचशेच्या आसपास इमारती एकत्र घेऊन समूह पुनर्विकास सुरू झाला. जुनी गल्ली गेली, पण ओळखीची माणसं निदान एकाच लिफ्टमध्ये भेटतात. उशिराची किंमतही त्याच भागाने मोजली: ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. तेव्हा जुन्या इमारतींच्या प्रेमात पडून पुनर्विकासाला शिव्या देणाऱ्यांत मला धरू नका. गळक्या छपराखाली बादल्या मांडून झोपणाऱ्याला वारशाचं कौतुक ऐकवणं हा एक प्रकारचा उद्दामपणाच आहे.

बुवांनी तर हे अगदी दारातून पाहिलं. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत बसली. महापालिकेची इमारत, महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची वस्ती, वय जेमतेम तीन-साडेतीन दशकं. ६१ माणसं गेली. १९१९ चा म्हातारा उभा राहिला आणि त्याच्यापुढची पोरसवदा इमारत गेली. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या आयुष्याची लाज वाटते, तशी बुवांना वाटली असावी. त्याच वर्षी जूनमध्ये पूर्व मुक्तमार्ग सुरू झाला होता. आता मोटारी गोदीवरून उडत चेंबूरला जातात आणि माझगाव खाली राहून जातं.

वाळपईच्या वाचकाला हा पेच नवा नाही. अंजुणे धरणासाठी गावं उठली तेव्हा घराला घर आणि जमिनीला जमीन असा काही ना काही हिशेब मांडता आला. पण गावच्या वेशीवरच्या राखणदाराला किती चौरस मीटर द्यायचे, हे सरकारी तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचं? क्वान कुंगांचा कार्पेट एरिया मोजायला उद्या कुणी फीत घेऊन आलं, तर तीच अडचण येणार आहे. देवाकडे भाड्याची पावती नसते. उलट भाडं तोच घेतो.

खरं सांगायचं तर बुवांना पाडलं जाण्याची भीती मला तितकी वाटत नाही. भीती वाटते ती कुणीतरी त्यांच्या प्रेमात पडण्याची. एखाद्या योजनेत 'सुशोभीकरण' हा शब्द यायचा, मग कोपऱ्यावर लाल कमान, ड्रॅगनचे दिवे, सेल्फीसाठी चौथरा, रविवारी खाऊगल्ली. सॅन फ्रान्सिस्कोच्या भावाने जीव वाचवायला घातलेला अंगरखा बुवांच्या अंगावर शंभर वर्षांनी चढवायचा. त्याला निदान आत राहणारी माणसं तरी होती. इथं कमानीखालून आत जायला चिनी माणूस शोधून आणावा लागेल.

माणसं मात्र येतात, आणि ती बघायची तर चिनी नववर्षाच्या रात्री. हे वर्ष अमावास्येला लागतं, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, म्हणजे आपल्या पौषाची नाहीतर माघाची अमावास्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला करणाऱ्यांना त्यात वावगं वाटायचं कारण नाही. एरवी दार बंद असलं तर राखणाऱ्या कुटुंबाला सांगून उघडून घ्यावं लागतं, पण त्या रात्री बुवांचा सगळा साधेपणा गळून पडतो. लाल, सोनेरी, आणखी लाल. उदबत्त्यांचा इतका धूर की क्वान कुंगांचा चेहरा मूळचा लाल आहे की डोळे चुरचुरून झाला आहे कळू नये. पूर्वजांना पोहोचावेत म्हणून कागदी नोटा जाळतात, लहानांच्या हातात लाल पाकिटं पडतात. उपनगरांतून, पुण्याहून, कधी परदेशातून आलेले लोक एकमेकांना भेटतात आणि हिंदीत, मराठीत, इंग्रजीत विचारपूस करतात. चार तालुक्यांची बोली आजीबरोबर गेली. काही जण तर रविवारी चर्चला जाणारे. माळ आणि उदबत्ती आता एकाच खिशात.

या रात्री बुवांइतका नटवा म्हातारा मुंबईत दुसरा नाही. सकाळी बघावं तर पुन्हा साधं घर, पुन्हा जाणाऱ्या-येणाऱ्याकडे दुर्लक्ष. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, आपल्या कोजागिरीच्या बहुधा महिनाभर आधी, थोडी हालचाल होते. एप्रिलच्या सुरुवातीला मंडळी अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत जाऊन कबरी साफ करून येतात. वर्षाचं वेळापत्रक एवढंच. कुडींचंही हल्ली असंच झालं आहे: गावचं फेस्त आलं की गर्दी, एरवी दोन म्हातारे आणि पेट्यांची रांग. आणि जागेचा भाव मात्र असा की गावी बसलेल्या सभासदांनाही कुडीची अचानक आठवण येऊ लागते.

राहता राहिला एक नाजूक विषय. बुवांना एक नातू आहे आणि तो त्यांना मान्य नाही.

कलकत्त्याचे नेल्सन वाँग मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये स्वयंपाक करत होते. १९७५ मध्ये कुणा गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची घेतली, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून कोंबडी वाढली. चिकन मंचुरियन. मंचुरियातल्या माणसाने त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. कोंबडीची जागा फ्लॉवरने घेतली आणि हे पोर घाट उतरून गोव्यात आलं, इतकं रुळलं की जत्रेत खाज्याच्या शेजारी त्याचा गाडा नसेल तर पोरं घरी भांडतात. वाळपईच्या बाजारात संध्याकाळी एकदा चक्कर मारा. चिनी माणूस एकही नाही, चायनीजचा तवा मात्र धडाडतो आहे. माझगावातून एक अख्खा मोहल्ला गेला आणि त्याची सही फक्त एका रश्श्याच्या रंगात उरली.

रंगच नडला. २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीत गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर टाच आली, आणि २०२४ च्या सुरुवातीला म्हापशाच्या पालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने त्याच्यावर बंदीच घातली. कारणं दोन: अस्वच्छता आणि कृत्रिम लाल रंग. १९६२ नंतर चिनी नावाच्या कुणाला गोव्यातून हद्दपार करण्याची ही बहुधा पहिलीच खेप, आणि आरोपी पुरता भारतीय होता.

तर कधी मुंबईला गेलात आणि दवाखान्याच्या दोन कामांमध्ये एक सकाळ रिकामी मिळाली, तर हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा. रोझरी चर्च विचारलंत तर कुणीही सांगेल, नवाब टँक रोड विचारत जा. चिनी देऊळ म्हटलंत तर चार जण चार दिशा दाखवतील. हातात संत्री असू द्या, देवांना ती आवडतात. आधी खाली नमस्कार, मग वर. कौल लावायचा तर प्रश्न एकच आणि सरळ विचारा. वाड्याच्या वाटणीचं, मुलीच्या लग्नाचं, काजूच्या भावाचं, काहीही चालेल. मंचुरियनचा विषय मात्र काढू नका. या बाबतीत बुवांचं आणि म्हापशाच्या पालिकेचं एकमत आहे, अशी मला दाट शंका आहे. पण एका सरकारी कचेरीशी आपलं जमलं, हे कबूल करायला ते तयार होणार नाहीत.